पात्रं किती बलवान, खेळ किती गंभीर: नव्या गेम मास्टरसाठी पायरीपायरीने

फँटसी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम चालवायला घेतला की नवे गेम मास्टर (खेळ चालवणारे) नकाशा काढतात, राज्यांची नावं ठरवतात, राक्षस निवडतात. दोन गोष्टी बोलायच्या राहून जातात: पात्रांच्या अंगात बळ किती, आणि खेळाचा बाज कोणता. मग एक खेळाडू अंधाऱ्या जंगलात जीव मुठीत धरून चालायच्या तयारीने येतो, दुसऱ्याला ड्रॅगनच्या पाठीवर उडी घ्यायची असते, तिसऱ्याने बोलक्या बदकाचं पात्र आणलेलं असतं. चूक तिघांपैकी कुणाचीच नसते, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

खालची उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतली, २०१४च्या नियमांवर आधारलेली आहेत. बरेच नवे लोक तिथूनच सुरुवात करतात. दुसरी पद्धत (दुसऱ्या गेमचे नियम) वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे.

पायरी १: ताकद मोजायची ती चुका मोजून

हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकतं तो आकडा) आणि बोनस (फाशात मिळवायचा आकडा) बघून ताकदीचा नीट अंदाज येत नाही. त्यापेक्षा विचारा, हे पात्र किती चुका पचवू शकतं?

पहिल्या लेव्हलचा (अनुभवाच्या पायरीचा) विझर्ड, म्हणजे जादूगार घ्या. त्याचे हिट पॉइंट ६ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या कणखरपणाचा) बोनस. बोनस +२ असेल तर ८. आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १२ धरू. गॉब्लिनचा हल्ल्याचा बोनस +४ असतो, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा त्याहून जास्त पडलं की वार लागतो. ही शक्यता ६५ टक्के. एका वाराने सरासरी साडेपाच पॉइंट जातात. चार गॉब्लिन एकाच फेरीत त्याच्यावर धावले तर सरासरी १४ पॉइंटचं नुकसान होतं आणि विझर्ड पहिल्याच फेरीत आडवा होतो. दार उघडताना पुढे कोण उभं राहिलं, एवढी एकच चूक पुरते.

आता तोच विझर्ड पाचव्या लेव्हलला बघा. त्याच्याकडे फायरबॉल आलेला असतो: सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८ नुकसान, २० फूट त्रिज्येच्या गोलातल्या प्रत्येकाला. सेव्ह (बचावासाठी टाकलेला फासा) यशस्वी झाला तरी निम्मं, म्हणजे १४ लागतंच. गॉब्लिनचे हिट पॉइंट ७. गोलात वीस गॉब्लिन असोत, सेव्ह होवो न होवो, जवळपास सगळे मरतात. चार लेव्हलमध्ये गॉब्लिनची टोळी हा विषयच संपला. गॉब्लिनच्या भीतीवर बेतलेली गोष्ट असेल तर ती गोष्टही संपली.

पहिल्या लेव्हलला आणखी एक सापळा आहे. एकाच वाराने पात्र शून्यावर येऊन उरलेलं नुकसान त्याच्या कमाल हिट पॉइंटइतकं किंवा जास्त भरलं, तर ते बेशुद्ध न पडता थेट मरतं. वरच्या ८ पॉइंटच्या विझर्डसाठी ही रेषा १६ आहे. ओगर या धिप्पाड राक्षसाचा गदेचा वार आठ बाजूंचे २ फासे अधिक ४ एवढा असतो. साधा वार लागला तरी १६ किंवा जास्त नुकसान होण्याची शक्यता सुमारे २३ टक्के, आणि क्रिटिकल (फाशावर २० पडून दुप्पट फाशांचा वार) बसला तर फारच जास्त. म्हणून पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला ओगर आणायचाच असेल तर त्याच्यापासून पळता येईल, त्याला फसवता येईल किंवा त्याच्याशी बोलता येईल अशी जागा नकाशात आधी काढून ठेवा.

पायरी २: तुमची पद्धत ताकद कशी वाढवते ते बघा

लेव्हल वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं, हे प्रत्येक गेममध्ये वेगळं असतं आणि बाज बराचसा त्यावरच ठरतो.

पाचव्या आवृत्तीत प्रावीण्याचा बोनस (पात्राला जे चांगलं येतं त्याच्या फाशात मिळवायचा) पहिल्या लेव्हलला +२ आणि सतराव्यापासून +६ असतो. म्हणजे वीस लेव्हलच्या प्रवासात फक्त चारची वाढ. हिट पॉइंट आणि नुकसान मात्र भराभर वाढतं. याचा परिणाम असा की साधी माणसं संख्येने आली तर मोठ्या वीरालाही भारी पडतात. दहाव्या लेव्हलचा फायटर घ्या: आर्मर क्लास १८, हिट पॉइंट सुमारे ८४. वीस पहारेकऱ्यांनी एकदम भाले फेकले, तर त्यांच्या +३ बोनसला १५ किंवा जास्त हवं, म्हणजे ३० टक्के. सहा भाले लागतात, सरासरी साडेचार पॉइंटचा एक. एका फेरीत २७. तीन-चार फेऱ्यांत फायटर जमिनीवर. राजाच्या दरबारात हा वीर उद्धटपणे बोलू लागला तर राजाच्या हातात अजून काहीतरी आहे.

पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रावीण्य असलेल्या प्रत्येक गोष्टीत लेव्हलचा पूर्ण आकडा मिळवतात. तिथे दहाव्या लेव्हलच्या फायटरला साध्या पहारेकऱ्यांचे वार जवळपास लागतच नाहीत. उलट बाजूने, पात्रांपेक्षा चार लेव्हल वरचा एकच राक्षस त्यांच्यासाठी टोकाचा धोका ठरतो. जगात पायऱ्या ठळक हव्यात, खालच्याने वरच्याकडे मान वर करून बघावं, असा बाज हवा असेल तर हे उत्तम. राजकारण आणि जमावाची भीती हवी असेल तर याच आवृत्तीतला, लेव्हल न मिळवण्याचा पर्यायी नियम वापरा.

१९८१च्या बेसिक डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युजरला (जादूगाराला) चार बाजूंच्या एका फाशाएवढे हिट पॉइंट आणि दिवसाला एक मंत्र मिळतो. शून्यावर आला की मेला. फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० अनुभव पॉइंट लागतात. एक गॉब्लिन मारून ५ मिळतात, बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे १. हे गणित खेळाडू दोन सेशनमध्ये ओळखतात आणि लढाई टाळून खजिना पळवायला लागतात. सावध, धूर्त, कंजूष खेळ हवा असेल तर लांबलचक भाषणापेक्षा हा एक नियम जास्त काम करतो. पात्रांना कशाबद्दल अनुभव मिळतो, ते तीच गोष्ट करणार.

पायरी ३: कोणत्या लेव्हलला कोणता अडथळा नाहीसा होतो

नव्या लोकांची सर्वात मोठी फजिती इथे होते, म्हणून जरा थांबून बघू. पाचव्या आवृत्तीत चार टप्पे सांगितले आहेत: १ ते ४ गावापुरते वीर, ५ ते १० राज्याला माहीत असलेले, ११ ते १६ राज्याचं भवितव्य ठरवणारे, १७ ते २० जगाचं. नावांपेक्षा मंत्रांकडे बघा.

भूक पहिल्याच लेव्हलला जाते. ड्रुइडचा (निसर्गाची जादू करणाऱ्याचा) गुडबेरी हा मंत्र १० फळं देतो आणि एक फळ एका माणसाला दिवसभर पुरतं. खोटं बोलण्याची सोय तिसऱ्या लेव्हलला धोक्यात येते; क्लेरिकला (देवाच्या पुजाऱ्याला) खोटं बोलू न देणारा झोन ऑफ ट्रूथ आणि विझर्डला मनातलं वाचणारा डिटेक्ट थॉट्स मिळतो. पाचवी लेव्हल सर्वात मोठी उडी आहे. फ्लायमुळे दरी आणि तटबंदी निरर्थक, टायनी हटमुळे आठ तास सुरक्षित झोप, रिव्हिव्हिफायमुळे मेलेला साथीदार एका मिनिटाच्या आत ३०० सोन्याच्या नाण्यांच्या हिऱ्यांवर परत. स्पीक विथ डेड आला की प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात आणि खुनाचं गूढ धोक्यात येतं. नवव्या लेव्हलला रेज डेड गेल्या दहा दिवसांत मेलेल्याला उठवतो. तेराव्याला टेलिपोर्ट आला की प्रवासवर्णन संपतं. सतराव्याला विश, म्हणजे जवळपास काहीही मागता येणारा मंत्र.

आता तुमची गोष्ट कोणत्या अडथळ्यावर उभी आहे ते एका ओळीत लिहा आणि वरच्या यादीशी ताडून बघा. "बर्फाळ खिंड ओलांडून उपाशीपोटी गावात पोचणं" ही गोष्ट पहिल्या ते चौथ्या लेव्हलची आहे, आणि गुडबेरीचं काय करायचं ते तेव्हाही ठरवावंच लागेल.

मंत्रावर बंदी घालायची घाई करू नका. खेळाडूने तो मिळवायला लेव्हल खर्च केलेली असते. जगातल्या लोकांनाही हे मंत्र माहीत आहेत असं धरा. स्पीक विथ डेडला प्रेताचं तोंड शाबूत लागतं, प्रेताला जिवंतपणी जेवढं माहीत होतं तेवढंच सांगता येतं, आणि समोरचा शत्रू वाटला तर ते खरं बोलायला बांधील नसतं. मग शहाणा खुनी मागून वार करील किंवा जबडा फोडील. फुटलेला जबडा हा पात्रांसाठी धागाच असतो: खुन्याला हा मंत्र ठाऊक आहे, म्हणजे तो कोण असू शकतो?

तरीही एखादा मंत्र गोष्टीच्या मुळावरच येत असेल तर तो पात्रं बनवण्याआधी, सर्वांसमोर, कारण सांगून काढा. मध्येच काढला तर खेळाडू दुखावतो, आणि त्यात काही वावगं नाही.

पायरी ४: बाज ठरवण्याचे चार प्रश्न

ताकद आणि बाज एकमेकांना बांधलेले नाहीत. दुबळ्या पात्रांचा खेळ धमाल विनोदी होऊ शकतो. डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये प्रत्येक खेळाडू शून्य लेव्हलची अनेक साधी माणसं घेऊन आत शिरतो, बहुतेक मरतात आणि टेबलावर हास्याचा कल्लोळ असतो. वीस लेव्हलच्या वीरांची गोष्ट सुन्न करणारी असू शकते, कारण एवढं सामर्थ्य असूनही आपल्या माणसाचं मन वळवता येत नाही. "डार्क फँटसी" एवढाच शब्द सांगून थांबलात तर पाच जण पाच खेळ डोक्यात घेऊन येतील. त्याऐवजी हे प्रश्न विचारा.

पात्र मेलं तर पुढे काय? नवं पात्र त्याच रात्री, की मृत्यू फक्त मोठ्या प्रसंगी, की मेलेल्याला परत आणायचा मार्ग आहे पण महाग?

पात्रं हरली तर जगाचं काय होतं? गाव जळतं आणि जळालेलंच राहतं, की दुसरी संधी मिळते?

काय मोजायचं? बाण, मशाली, अन्न, ओझं. मोजायचं ठरलं तर दर सेशनला मोजा. अर्धवट मोजलेला बाण फक्त चिडचिड देतो.

हसायचं कुठे? खेळाडू टेबलावर विनोद करणारच आणि करावेतच. प्रश्न एवढाच की पात्रांच्या जगातही ते खरे धरायचे का. बोलकं बदक असेल तर गावकरी दचकतात की त्याला नमस्कार करतात?

पायरी ५: बाजाला जुळतील असे नियम

विश्रांती. नेहमीच्या नियमात लाँग रेस्ट (मोठी विश्रांती) आठ तासांची आणि त्यात सगळे हिट पॉइंट परत. जखम रात्रभरात भरते म्हणून जंगलप्रवासात दिवसाला एकच लढाई झाली तर कुणालाच धाप लागत नाही. पर्यायी नियमात शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची होते. प्रवास, राजकारण, थंडीवारा असलेल्या खेळाला हे छान बसतं. खोल डंजनमध्ये (राक्षसांच्या भुयारात) मात्र हा नियम घात करतो: दोन लढायांनंतर पात्रं आठवडाभर गावात जाऊन बसतात. आठ तास टिकणारे मेज आर्मरसारखे मंत्रही यात कमजोर पडतात. विझर्ड खेळणाऱ्याला आधीच सांगा.

मरण. शून्यावर गेलेलं पात्र प्रत्येक फेरीत फासा टाकतं, १० किंवा जास्त आलं तर यश. तीन यशांत स्थिरावतं, तीन अपयशांत मरतं. यात बिघाड करतो तो हीलिंग वर्ड हा बरं करणारा मंत्र. ६० फुटांवरून, बोनस अॅक्शनमध्ये (पाळीतल्या जादा छोट्या कृतीत) पडलेला माणूस उभा राहतो, पुन्हा पडतो, पुन्हा उभा. गंभीर खेळात हे हास्यास्पद दिसतं. बरेच गट शून्यावर गेल्यावर एक्झॉस्शनची (थकव्याची) एक पातळी देतात. परिणाम लगेच दिसतो, पण पुढे उभं राहून मार खाणाऱ्या फायटरलाच त्याचा भुर्दंड बसतो, कारण तिसऱ्या पातळीला हल्ल्यांवर आणि सेव्हवर डिसअॅडव्हान्टेज येतो (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा) आणि सहाव्या पातळीला मृत्यू. त्यामुळे हे केलंत तर एका लढाईत एकदाच द्या.

लेव्हलचा वेग. पुस्तकाप्रमाणे ३००, ९००, २,७०० आणि ६,५०० अनुभव पॉइंटना अनुक्रमे दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी लेव्हल येते. सेशन मोजून वाढवण्याच्या पद्धतीत पहिल्या सेशननंतर दुसरी, आणखी एकानंतर तिसरी, आणखी दोनांनंतर चौथी आणि मग दोन-तीन सेशनला एक. म्हणजे सहा-सात सेशनमध्ये फायरबॉल हातात. भीतीचा खेळ वर्षभर चालवायचा असेल तर हा वेग निम्म्यावर आणा. दुसरा जुना उपाय म्हणजे सहाव्या लेव्हलला छत टाकणं: त्यानंतर लेव्हल वाढत नाही, ठरलेल्या टप्प्यांवर फक्त एकेक फीट (खास कौशल्य) मिळतं. आवृत्ती ३.५च्या काळात ई६ या नावाने ही पद्धत रुजली आणि आजही काम देते. पात्रं वाढत राहतात, जग हातातून निसटत नाही.

तीनपेक्षा जास्त नियम बदलावेसे वाटले तर पद्धतच चुकीची निवडली आहे. गलिच्छ, निर्दयी जगातल्या साध्या माणसांची गोष्ट हवी असेल तर वॉरहॅमर फँटसी रोलप्लेमध्ये उंदीर पकडणारा हे अधिकृत करिअर आहे. तिथे काहीच वाकवावं लागत नाही.

पायरी ६: पात्रं बनवण्याआधीची बैठक

या बैठकीला सेशन झीरो म्हणतात. दीड-दोन तास पुरतात. आधी तुम्ही तीन वाक्यांत खेळ सांगा: सुरुवातीची लेव्हल, शेवटाची अंदाजे लेव्हल, बाज. मग चार प्रश्न. मग प्रत्येकाला विचारा, "तुझं पात्र पहिल्या सेशनमध्ये काय करताना दिसावं?" उत्तरात "शंभर जणांना एकटा झोपवतो" आलं आणि खेळ पहिल्या लेव्हलचा असेल, तर ते आत्ताच सोडवता येतं.

याच बैठकीत काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल याच्या दोन याद्या करा. लहान मुलांवरचा हिंसाचार, छळ, कोळी, बुडणं, काहीही. कारण विचारू नका. खेळताना कुणालाही थांबवता यावं म्हणून टेबलावर मधोमध एक्स लिहिलेलं कार्ड ठेवा. कुणी हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा. खेळ जितका काळोखा, तितकी ही तयारी महत्त्वाची, कारण बिनधास्त घाबरायला आधी सुरक्षित वाटावं लागतं.

पात्रं एकत्र बसून बनवा आणि सर्वांनी क्षमतांचे गुण (ताकद, चपळाई वगैरेंचे आकडे) एकाच पद्धतीने घ्या. चार फासे टाकून लहानातला लहान सोडायची पद्धत रंजक आहे, पण एकाला १८ आणि दुसऱ्याला सर्वोच्च १३ पडला तर बोनस +४ आणि +१ होतो. फाशावर हे अंतर १५ टक्क्यांचं आहे आणि ते प्रत्येक वारावर, वर्षभर छळतं. नव्या टेबलासाठी १५, १४, १३, १२, १०, ८ हा ठरावीक संच घ्या.

असमान पात्रं मुद्दाम हवी असतील तर ते जमतं, पण त्याची रचना लागते. १९८७च्या आर्स मॅजिकामध्ये सामर्थ्यवान जादूगार, त्यांचे साथीदार आणि साधे शिपाई एकाच गोष्टीत असतात. खेळाडू आळीपाळीने वेगवेगळी पात्रं चालवतात, त्यामुळे कायम शिपाईच होऊन बसायची वेळ कुणावर येत नाही.

पायरी ७: पहिली तीन सेशन

पहिल्यात एक सोपी लढाई, जिच्यात पात्रं काय करू शकतात ते दिसेल. दुसऱ्यात असं काहीतरी जे त्यांना झेपणार नाही, आणि ते झेपणार नाही हे आधी दिसलं पाहिजे: वाकलेला लोखंडी दरवाजा, ओगरने अर्धवट खाल्लेला बैल. न दाखवलेला धोका खेळाडूंना अन्याय वाटतो. तिसऱ्यात पहिल्या दोनांचा परिणाम दाखवा. ज्याला सोडलं तो परत आला, ज्याला वाचवलं त्याने दार उघडलं. बाज खेळाडूंना इथे पटतो.

जगाची मोजपट्टीही याच काळात बसवा. नियमांत सामान्य माणसाला ४ हिट पॉइंट असतात. पाचव्या लेव्हलचं पात्र त्याच्यासमोर काय आहे याची कल्पना करा आणि गावकऱ्यांना तसं वागू द्या: कुणी भितं, कुणी मुलगी बरी करायला आणतं, कुणी कर वसूल करणाऱ्याची तक्रार घेऊन येतं. प्रत्येक दारूच्या गुत्त्याचा मालक निवृत्त पंधराव्या लेव्हलचा योद्धा काढलात तर खेळाडूंची वाढ तिथेच फुकट जाते. पात्रांनी उद्धटपणा केला म्हणून असा मालक काढण्याचा मोह आवरा. त्यांना टेबलाबाहेर, सरळ शब्दांत सांगा.

बिघाड झाला तर

लढाया फार सोप्या वाटत असतील तर राक्षसांचे हिट पॉइंट वाढवण्याआधी दिवसात किती लढाया होतात ते मोजा. २०१४चे नियम दिवसाला सहा ते आठ मध्यम-कठीण झटापटी धरून बेतले आहेत. एकच झाली तर विझर्ड सगळे मोठे मंत्र तिच्यावरच ओततो आणि फायटर बघत राहतो. दोन-तीन तरी करा, किंवा विश्रांतीचा नियम बदला.

एकटा मोठा खलनायक दोन फेऱ्यांत मरतो तो पात्रं फार बलवान असतात म्हणून नव्हे; चार पात्रांना फेरीत चार कृती मिळतात आणि त्याला एक. त्याच्यासोबत चार-पाच साथीदार द्या, किंवा इतरांच्या पाळीनंतर त्याला छोटी कृती करू द्या.

एक पात्र बाकीच्यांपेक्षा फार पुढे गेलं असेल तर त्याचं काही काढून घेऊ नका. मागे राहिलेल्याला द्या: जादूची वस्तू, एखाद्या गावाचं ऋण, फक्त त्यालाच येणारी भाषा. हे त्या पात्राच्या गोष्टीतून यावं, म्हणजे भरपाईसारखं वाटत नाही.

बाज घसरून सगळं थट्टेवर गेलं तर अर्ध्या खेळात खेळाडूंना रागावून उपयोग नाही. दृश्य बदला, वर्णन हळू करा, एका पात्राला नावाने एक थेट प्रश्न विचारा: "तुझ्या हातावर हे रक्त कुणाचं आहे?" तरी घसरणं थांबलं नाही, तर पुढच्या सेशनआधी पंधरा मिनिटं चारही प्रश्न पुन्हा विचारा. कदाचित टेबलाला आता विनोदी खेळच हवा असेल. तसं असेल तर तो खेळा, आणि मरणाचे, विश्रांतीचे नियम त्याप्रमाणे सैल करा. बाज हलका झाला आणि नियम कठोर राहिले तर पात्रं एका विनोदापायी मरतात, आणि तेव्हा कुणीच हसत नाही.